ट्रकपुढची मोकळी जागा: नवले पुलाच्या उतारावरचं एक प्रकरण

या प्रकरणात कुणी दगावलं नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. एका कारचा मागचा दिवा फुटला, बंपर डावीकडून उचकटला आणि एका आईची मान चार दिवस दुखली. वर्तमानपत्रात याची एक ओळही आली नसती. तरी मी हे सविस्तर लिहितोय, कारण कारच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण हाताशी आहे आणि कार चालवणारी, ट्रक चालवणारा असे दोघंही माझ्याशी मोकळेपणाने बोलले. एरवी अपघातानंतर एकच बाजू कळते, ती जो जास्त मोठ्याने बोलतो त्याची.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मी बरीच वर्षं गाड्या लोड करून रवाना करायचं काम केलं. आता सिंहगड रोडवर लोकांना कार शिकवतो. लायसन्स आहे, पण हायवेची भीती वाटते, असे लोक माझ्याकडे जास्त येतात. या प्रकरणातली मुलगी त्यातलीच. वय चौतीस, कंपनीत नोकरी, राहायला नऱ्ह्याला. नाव सांगत नाही. चित्रण वापरायची परवानगी तिनेच दिली. अट एकच होती, "काका, मला वाचवून लिहू नका."

रस्ता

साताऱ्याहून पुण्याकडे येताना शिंदेवाडीचा चढ संपला की कात्रजचा नवा बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की जांभूळवाडीचा दरी पूल, आणि तिथून नवले पुलापर्यंत उतार. मुंबई-बंगळूर महामार्ग तो हाच, आताचा 48 क्रमांकाचा, जुन्या माणसांच्या तोंडात अजून एनएच फोर. एका बाजूला तीन लेन. रस्ता रुंद, गुळगुळीत, आणि म्हणूनच फसवा. घाटात वळणं असतात, त्यामुळे आपण उतरतोय हे शरीराला कळतं. इथे समोर शहराचे दिवे दिसतात, घर जवळ आल्यासारखं वाटतं आणि गाडी आपोआप पळायला लागते. आणि या उताराच्या शेवटी कोण असतं? सर्व्हिस रोडवरून आत घुसणाऱ्या दुचाक्या, ट्रॅव्हल्सची वाट बघत बॅगा घेऊन उभी असलेली माणसं, त्यांच्यासाठी अर्धी लेन अडवून थांबलेल्या बस आणि रिक्षा. वरून उतरणारी लोड गाडी आणि खालची शहराची गर्दी इथे समोरासमोर येतात.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने पन्नासच्या आसपास गाड्यांना धडक दिली होती. 13 नोव्हेंबर 2025 ला संध्याकाळी पुन्हा तसंच झालं. एक कार दोन अवजड वाहनांच्या मध्ये चिरडली, आग लागली, माणसं गेली. दोन्ही वेळा ब्रेक, न्यूट्रल, उतार, रस्त्याची आखणी यांवर भरपूर बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ट्रकच्या आजूबाजूला चालणाऱ्या हजारो कार आणि स्कूटर रोज काय करतात, हा विषय बाजूलाच पडला. हे प्रकरण त्या राहिलेल्या भागाचं आहे.

काय घडलं

ऑगस्टमधली संध्याकाळ, सातला दहा मिनिटं कमी. पाऊस थांबलेला, रस्ता ओला. मुलगी आईला घेऊन साताऱ्याच्या मामाकडून परत येत होती. आई मागच्या सीटवर डावीकडे, मांडीवर चिरोट्यांचा डबा. बोगद्यातून कार मधल्या लेनमधून ताशी 55 ने बाहेर पडली. दरी पूल ओलांडल्यावर आई म्हणते ते चित्रणात ऐकू येतं, "काहीतरी जळतंय गं." मुलगी म्हणते, "बाहेरचं असेल." आणि एसीचं बटण दाबून बाहेरची हवा बंद करते.

हे बटण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

स्वामीनारायण मंदिराच्या पुढे आल्यावर मधल्या लेनचा वेग कमी होतो. पुढे लाल दिव्यांची रांग दिसते. तिला नऱ्ह्यासाठी डावीकडे उतरायचं होतं. डाव्या लेनमध्ये एक दहाचाकी, ताडपत्री बांधलेला ट्रक, ताशी पस्तीस-छत्तीसने रांगत होता. त्याच्या पुढे साठेक मीटर रस्ता मोकळा. आपल्या पुण्यात साठ मीटर मोकळा रस्ता म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. तिने ट्रकला मागे टाकलं आणि डावीकडे घेतलं.

मागच्या कॅमेऱ्यात ते दृश्य असं दिसतं. आधी ट्रकची उजवी बाजू, मग आरसा, मग एकदम सगळ्या काचेत फक्त जाळी, नंबरप्लेट आणि वर टांगलेलं लिंबू-मिरची. दोघांमधलं अंतर जेमतेम चौदा मीटर. इंडिकेटर लागला तो चाक पांढऱ्या पट्टीवर आल्यानंतर. ट्रकवाला हेडलाइट मारतो, लांब हॉर्न देतो. मुलीच्या तोंडून निघतं, "हो रे बाबा, चालले ना!"

चारच सेकंदांनी पुढच्या छोट्या टेम्पोने जोरात ब्रेक मारला, कारण त्याच्यापुढे रस्त्याच्या कडेला एक बस हळू होत होती. मुलीने ब्रेक मारला. कार व्यवस्थित थांबली, टेम्पोच्या चार मीटर मागे. मागून मात्र ट्रक येत राहिला. शेवटच्या क्षणी त्याने डावीकडे, कडेच्या पट्टीवर घेतलं, पण पूर्ण निघाला नाही. त्याच्या बंपरचा उजवा कोपरा कारच्या डाव्या मागच्या कोपऱ्याला घासत गेला. कार दोनेक मीटर पुढे ढकलली गेली. टेम्पोला लागली नाही. डबा खाली पडला, चिरोटे सगळीकडे.

आणि ट्रकच्या डाव्या बाजूला, कडेच्या पट्टीवरून, एका स्कूटरवर नवरा-बायको चाललेले. ट्रक त्यांच्याच अंगावर सरकत होता. ते कसे वाचले, हे कारच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. ते ट्रकवाल्याकडून कळलं.

गर्दीचा निकाल

पुढची दहा मिनिटं नेहमीचीच. तीस-चाळीस जण जमले. दोघांनी ट्रकच्या दाराला लाथा घातल्या, एकाने किल्ली काढून घेतली. "पिऊन चालवतोय," "ब्रेक नाहीत याला," "ओव्हरलोड आहे." सगळे निष्कर्ष एका मिनिटात, आणि पुरावा एकच, की गाडी मोठी आहे. मुलगीही रडत ओरडत होती. तीही म्हणाली, "दिसत नाही का तुम्हाला?" ट्रकवाला पन्नाशीचा, बीडकडचा. हात जोडून एकच वाक्य म्हणत होता, "ताई, तुम्हाला लागलं का, आजींना लागलं का, ते आधी सांगा."

वातावरण निवळलं ते आईमुळे. काठीवर रेलत ती खाली उतरली आणि गर्दीला म्हणाली, "त्याला मारून माझी मान बरी होणार आहे का? किल्ली द्या त्याची." मग फोटो झाले, नंबर दिले-घेतले, गाड्या बाजूला लावल्या, पोलीस आले, नोंद झाली. विम्याचं पुढे रीतसर झालं. त्यात शिकण्यासारखं काही नाही, म्हणून सोडून देतो. एक मात्र सांगतो. अशा वेळी कोण चुकलं हे रस्त्यावर ठरवायला जाऊ नका. माणसं बघा, 112 लावा, मागून येणाऱ्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा आणि स्वतः रस्त्यातून बाजूला व्हा. उतारावर, ओल्या रस्त्यावर, चाळीस माणसं लेनमध्ये उभी राहून भांडत होती, आणि वरून गाड्या येतच होत्या. पहिल्या धडकेपेक्षा मला ते दृश्य जास्त घाबरवतं.

ट्रकच्या काचेतून

आठवड्याभराने तोच ट्रक पुन्हा चाकणला आला. मी फोन करून ड्रायव्हरला चहाला बोलावलं, मुलीलाही ये म्हटलं. ती यायला तयार नव्हती, पण आली. लॅपटॉपवर चित्रण लावलं. एसीचं बटण दाबते ते ठिकाण आल्यावर तो म्हणाला, "थांबवा." आणि मग त्याने जे सांगितलं, त्याने माझाही अंदाज चुकला.

मला वाटत होतं, जळका वास याच ट्रकच्या ब्रेकचा. तो म्हणाला, "माझा न्हाई. मधल्या लायनीत एक कंटेनर चालला होता, त्याचे लायनर जळत होते. मला बी वास आला. म्हणून तर मी कडंला सरकलो आन गाडी खालच्या गिअरात टाकली. म्हटलं, हा उलटला-बिलटला तर आपल्या म्होरं जागा पायजे."

म्हणजे त्या साठ मीटरमागे त्याचा हिशेब होता. आम्ही तिघांनी मग तो हिशेब कागदावर मांडला.

गाडीत कोल्हापूरच्या शिरोलीहून चाकणला निघालेलं कास्टिंग. दहाचाकी ट्रकचं मालासकट वजन 2018 पर्यंत 25 टनांपर्यंत चालायचं. त्या वर्षी सरकारने ते 28.5 टन केलं. याचं वजन पावतीवर 28 टन, म्हणजे ओव्हरलोड नाही, कायद्यात बसणारं. आपली छोटी कार माणसांसकट टनाच्या थोडी वर. असे पंचवीसेक डबे एकावर एक ठेवले तर तो ट्रक होईल.

दर शंभर मीटरला रस्ता चार मीटर खाली उतरतो असं धरा. एवढ्या वजनाची गाडी वेग न वाढवता एक किलोमीटर उतरवायची, तर ब्रेकना किंवा इंजिनाला जी ऊर्जा गिळावी लागते, तेवढ्यात साध्या तापमानाचं 35 लिटर पाणी उकळेल. एका किलोमीटरमागे 35 लिटर. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये गेली तर ड्रम फुगतो, त्याला आतून घासून चाक अडवणाऱ्या लायनरपासून लांब जातो. लायनरची पकडही उतरते. ड्रायव्हर पेडल दाबतो, गाडी आधीएवढी थांबत नाही. तो परत दाबतो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे प्रत्येक दाबण्याला टाकीतली हवा खर्च होते. गाडी न्यूट्रलवर असेल तर इंजिनाचा अटकाव शून्य. त्यात इंजिनच बंद केलं असेल तर कॉम्प्रेसर बंद, नवी हवा भरत नाही, स्टिअरिंगही जड होतं. डिझेल वाचवण्यासाठी हे करतात म्हणे. नव्या इंजिनांत ही बचतसुद्धा खोटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा फवारा बंदच होतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. हे मी ट्रान्सपोर्टनगरीत वर्षानुवर्षं सांगत आलो. ऐकणारे ऐकतात, बाकीच्यांना उस्तादाने शिकवलेलं जास्त खरं वाटतं.

हा ड्रायव्हर ऐकणाऱ्यांतला. खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी आवरणारा) चालू, पेडलला शक्यतो पाय नाही. मग धडक का झाली?

ताशी 36 म्हणजे सेकंदाला दहा मीटर. माणूस सावध असला, तरी पुढचे लाल दिवे पेटल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. दहा मीटर गेले. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोचायला अर्धा सेकंद. आणखी पाच. मग ओल्या रस्त्यावर 28 टन थांबायला सतराएक मीटर. एकूण बत्तीस. त्याच्यापुढे साठ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गडी निवांत होता.

मुलगी त्यात शिरली. अंतर चौदा मीटरवर आलं. तिची कार हलकी, ब्रेक तिथल्या तिथे लागणारा. त्रेचाळीसच्या वेगावरून तिला थांबायला बारा मीटर पुरले. चौदा अधिक बारा, सव्वीस. त्याला बत्तीस हवे होते.

सहा मीटर कमी पडले. ते त्याने डाव्या बाजूच्या पट्टीवरून उसने घेतले, आणि तिथे स्कूटर होती.

मुलगी कागदाकडे बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मी तर व्यवस्थित थांबले होते." ते खरंही होतं, आणि नेमकी गोम तिथेच आहे. कार जितकी छान थांबते, तितकी मागच्या ट्रकची पंचाईत मोठी. आपल्याला आपले ब्रेक चांगले असल्याचं समाधान वाटतं. मागच्याच्या ब्रेकचा विचार आपण कधी करतच नाही.

ड्रायव्हर तिला म्हणाला, "ताई, राग न्हाई माझा. पर ती जागा मोकळी नव्हती. मी ती धरून चाललो होतो. तुम्ही आलात, मी परत मागं पडून नवी जागा करायला लागलो, तेवढ्यात टेम्पो दाबला." चित्रणात ते दिसतं. त्या चार सेकंदांत ट्रकचं तोंड थोडं लहान होत जातं. तो पाय काढून मागे राहायचा प्रयत्न करत होता. पण लोड गाडी उतारावर पाय काढला म्हणून हळू होत नाही. आणखी आठ-दहा सेकंद मिळाले असते तर त्याने अंतर परत जुळवलं असतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं.

स्कूटर

ट्रकची स्टिअरिंग उजवीकडे, ड्रायव्हर जमिनीपासून माणूसभर उंच. त्याच्या डाव्या दाराखालची आणि दारामागची पट्टी त्याला जवळपास दिसत नाही. आरशात दिसतो तो एक अरुंद तुकडा, पावसात तर तोही धुरकट. नाकासमोरचे काही मीटरही लपलेले. सिग्नलला ट्रकच्या बंपरला चिकटून उभी राहिलेली स्कूटर ड्रायव्हरच्या लेखी तिथे नसतेच. डावीकडे वळताना तर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून, कोपरा कापत येतात. शहरात डंपर, काँक्रीटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर यांच्याखाली जे अपघात होतात, त्यांत ही डावी बाजू पुन्हा पुन्हा येते.

ते जोडपं त्या पट्टीत चाललं होतं. ट्रक रांगतोय, डावीकडून वाट आहे, चला. त्यांचंही गणित मुलीसारखंच.

ते वाचले क्लीनरमुळे. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा डाव्या खिडकीत बसलेला. ट्रक डावीकडे वळायला लागताच त्याने दाराच्या पत्र्यावर बाहेरून तळहाताने धडाधड थापा मारल्या आणि "थांब, थांब" ओरडला. एका थापेचा अर्थ 'चल', लागोपाठच्या थापांचा अर्थ 'जागेवर थांब', हा त्यांचा जुना शिरस्ता. ड्रायव्हरने चाक तिथेच धरलं, आणखी डावीकडे नेलं नाही. म्हणूनच ट्रक पूर्ण बाहेर निघाला नाही आणि त्याचा कोपरा कारला घासला. थापा ऐकून स्कूटरवाल्यानेही ब्रेक मारला. त्याच्या हँडलचं टोक आणि ट्रकचं चाक यांत हातभर अंतर होतं, असं तो पोरगा सांगतो.

म्हणजे गर्दीने ज्या घासण्यावरून ट्रकच्या दाराला लाथा घातल्या, ते घासणं ही ड्रायव्हरची निवड होती. कारचा पत्रा की स्कूटरवरची दोन माणसं. अर्ध्या सेकंदात, एका पोराच्या थापांवर विसंबून. हल्ली खर्च वाचवायला कितीतरी गाड्या क्लीनरशिवाय धावतात. त्या संध्याकाळी डावी खिडकी रिकामी असती तर या प्रकरणाला मी वेगळं शीर्षक दिलं असतं, किंवा लिहायची हिंमतच झाली नसती.

काय बरोबर झालं

मुलीने टेम्पोच्या मागे चार मीटर सोडले होते. मी शिकवताना सगळ्यांच्या डोक्यात हे बसवतो, की थांबल्यावर पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसली पाहिजेत. ती तिने पाळलेली गोष्ट. दोन मीटरची ढकल त्या चार मीटरमध्ये जिरली. ती टेम्पोला चिकटून थांबली असती तर पुढून लोखंड आणि मागून 28 टन. 2025 च्या त्या कारचं जे झालं त्याची छोटी आवृत्ती.

आईने मागच्या सीटवरही पट्टा लावला होता. तोही नाइलाजाने. पट्टा न लावता बसलं की ही कार टुणटुण वाजत राहते आणि आईला तो आवाज सहन होत नाही.

आणि ते बटण

जळक्या वासाला मी या प्रकरणातली पहिली घंटा मानतो. उतारावर असा वास आला की समजावं, आसपास कुणाचे तरी ब्रेक संपत आलेत. कुठल्या गाडीचे, ते शोधायला आरसे बघावेत. मागे असेल तर त्याच्या वाटेतून हळूच, इंडिकेटर देऊन बाजूला व्हावं. पुढे असेल तर अंतर वाढवावं. चाकातून धूर दिसला तर त्याच्या शेजारून चालूच नये. ड्रायव्हरने वास ओळखला आणि पुढे जागा केली. मुलीने हवा बंद केली. तिचा दोष नाही, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. माझ्या शिकवणीत गिअर होते, क्लच होता, पार्किंग होतं, चढावर गाडी उचलणं होतं. नाकाचा उपयोग नव्हता. आता आहे.

दुसरी चूक लेन बदलण्याच्या जागेची. तिला नऱ्ह्याला उतरायचं होतं, हे तिला साताऱ्यात माहीत होतं. दरी पुलानंतर, रांग लागण्याआधी, आरामात डावीकडे येऊन ट्रकच्या मागेच राहिली असती तर? ट्रकच्या मागे राहणं लोकांना कमीपणाचं वाटतं. मान्य आहे, मागून पुढचं दिसत नाही, चिखल उडतो. पण त्यावर उपाय मागे सरकण्याचा आहे. इतकं मागे, की त्याचे दोन्ही आरसे आपल्याला दिसतील. आपल्याला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. पुढच्याशी अंतर मोजायला मी मुलांना खांब धरायला सांगतो. ट्रकची मागची फळी खांबापाशी आली की 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायचं. 'एकशे चार'च्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. ओल्या रस्त्यावर 'एकशे सहा'.

आणि ट्रकपुढे जायचंच असेल तर कधी आत यायचं? आतल्या, मधल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट आणि त्याच्या चाकांखालचा रस्ता दिसायला लागल्यावर. सपाट कोरड्या रस्त्यावर एवढं चालेल. उतारावर मी म्हणतो, तेवढं झाल्यावरही थांबा, आणखी तीन आकडे मोजा. खाली रांग दिसत असेल तर जाऊच नका. तिच्या आरशात त्या वेळी हेडलाइट नव्हते, लिंबू-मिरची होती.

कडेला बस थांबवणारा, सर्व्हिस रोडचं तोंड तसं ठेवणारा, अंधारी पट्टी तशीच सोडणारा, यांचीही चूक आहेच. ती मी कमी लेखत नाही. पण त्यांच्यापैकी कुणी त्या संध्याकाळी स्टिअरिंगवर नव्हतं.

नंतर

दिवा आणि बंपर बदलल्यावर ती तीन आठवडे गाडीला हात लावत नव्हती. मग एका रविवारी संध्याकाळी, मुद्दाम गर्दीच्या वेळी, आम्ही खेड शिवापूरहून निघालो. ती चालवत होती, मी शेजारी, आई मागे. बोगद्याच्या बाहेर तिने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली, डावीकडे आली आणि एका लोड ट्रकच्या मागे, लांब, चालत राहिली. आमच्यापुढे अर्थातच मोकळी जागा. अर्थातच एक पांढरी कार त्यात शिरली. तिने पाय काढला, जागा परत केली. मग एक बुलेट. मग एक टेम्पो. मागचा हॉर्न वाजवतोय. आई वैतागून म्हणाली, "अगं, किती जणांना पुढे सोडणार आहेस?"

मी मोजत होतो. दरी पुलापासून नऱ्ह्याच्या उतरणीपर्यंत अकरा वाहनं आमच्यापुढे शिरली. प्रत्येकासाठी मागे पडायला साधारण दोन सेकंद. घरी पोचायला आम्हाला बावीस सेकंद उशीर झाला. त्यानंतर सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने दार उघडेपर्यंत आम्ही दोन मिनिटं उभे होतो.